बांधावरच्या गप्पा : ती खरी की खोटी?



या सदरात मी एरवी तुमच्याशी बियाणे, खत, फवारणी यांवर बोलतो. आज मात्र एका सिनेमावर बोलणार आहे. साहेबांना म्हातारपणी काय सुचले, असे म्हणू नका. शेवटपर्यंत वाचा, म्हणजे सिनेमाचा आणि शेतीचा संबंध ध्यानात येईल.

गेल्या गणपतीतली गोष्ट. काटोल तालुक्यातल्या एका गावी संत्र्याच्या फळगळीवर शेतीशाळा होती. आंबिया बहाराची फळे गळायला लागली की गावोगाव हा विषय निघतोच. सायंकाळी काम आटोपले. मंडळाच्या पोरांनी आग्रह केला, "साहेब, आज समाजमंदिरात जुना मराठी पिक्चर आहे, जेवून पाहूनच जा." पडद्याऐवजी पांढरे धोतर ताणलेले, पोरांनी तालुक्याहून आणलेले यंत्र, पुढे लेकरे, एका बाजूला बायामाणसे, एका बाजूला गडीमाणसे. सिनेमा होता 'पाठलाग'.

तरुण वाचकांसाठी थोडी माहिती देतो. 'पाठलाग' १९६४ सालचा. दिग्दर्शक राजा परांजपे, म्हणजे 'लाखाची गोष्ट' आणि 'जगाच्या पाठीवर' काढणारे. गाणी ग. दि. माडगूळकरांची, संगीत दत्ता डावजेकरांचे. नायक डॉ. काशिनाथ घाणेकर आणि नायिका भावना. घाणेकर शिक्षणाने दातांचे डॉक्टर. पुढे त्यांनी रंगभूमीवर संभाजी उभा केला, लाल्या उभा केला, आणि २०१८ साली त्यांच्यावरच एक सिनेमा निघाला, तो तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. 'पाठलाग'ची कथा जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरून घेतलेली आहे. दोनच वर्षांनी, १९६६ मध्ये, राज खोसला यांनी हीच कथा हिंदीत 'मेरा साया' नावाने रंगीत काढली. त्यात सुनील दत्त आणि साधना. मदनमोहनच्या संगीतातले ते झुमक्याचे गाणे अजून लग्नाच्या वरातीत वाजते.

कथेचे सूत्र असे. एका नामांकित वकिलाची बायको वारते. तिचा शेवट त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिलेला. तो दुःखात बुडालेला असताना पोलीस एक बाई पकडून आणतात. दरोडेखोरांच्या टोळीत सापडलेली. दिसायला हुबेहूब त्याच्या बायकोसारखी. आणि ती म्हणते, मीच तुमची बायको. खटला उभा राहतो. भर कोर्टात ती त्यांच्या घरातल्या अशा गोष्टी सांगू लागते, की ज्या नवराबायकोशिवाय तिसऱ्याला ठाऊक असायचे कारण नाही. वकील गोंधळतो. डोळ्यांनी पाहिलेले खरे, की कानांनी ऐकतो ते खरे?

सिनेमा नेमका या ठिकाणी आला आणि आमच्या समाजमंदिरातली वीज गेली.

अर्धा-पाऊण तास अंधार. एरवी लोक उठून घरी गेले असते. त्या रात्री कुणी हलले नाही. मोबाईलच्या उजेडात जो वाद रंगला, तसा शेतीशाळेत कधी रंगत नाही.

गड्यांच्या बाजूने बहुतेकांचे मत पडले, बाई खोटी. एक काकाजी ठामपणे म्हणाले, "बाप्पा, त्यानं सोता मरताना पायली न तिले. मंग हे कुठून आली? टोळीनं शिकवून धाडली असन." दुसरे म्हणाले, "मोठ्या घरची इस्टेट दिसली की कोणीबी येते नातं सांगत."

बायांच्या बाजूला दोन तट. एक तरुण सून म्हणाली, "एवढ्या बारीक गोष्टी शिकवून येत नाहीत जी. घरात राहिल्याशिवाय कसं समजन?" तिच्या सासूचे मत अगदी उलटे, "घरच्या गोष्टी मोलकरणीलेबी समजतात." सासू-सुनेत चांगलीच जुंपली, आणि सारे हसले.

एका पोराने मोबाईलवर 'मेरा साया' पाहिलेला. त्याला शेवट ठाऊक. तो बोलायला तोंड उघडणार, तोच चहूकडून ओरडा झाला, "सांगू नोको रे!"

गावातले एक निवृत्त गुरुजी कादंबरी वाचलेले निघाले. त्यांचे म्हणणे वेगळेच. "कादंबरीत आपण आपल्या चालीने जातो. शंका आली तर मागचे पान उलटून पाहतो. सिनेमात तसे नाही. तिथे चेहरा दिसतो, आणि चेहरा पाहिला की माणूस आधी मत बनवतो आणि मग पुरावा शोधतो." त्यांनी आणखी एक गंमत दाखवली. कादंबरीचे नाव 'आशा परत येते'. सिनेमाला ते नाव ठेवले नाही, 'पाठलाग' ठेवले. नावानेच प्रेक्षकाचे मत एका बाजूला झुकू नये, ही हुशारी त्यात असावी, असे गुरुजींचे मत. मला ते पटले.

मी स्वतः हिंदी आधी पाहिला आणि मराठी नंतर. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात शिकत असताना सीताबर्डीवरच्या एका थिएटरात 'मेरा साया' पुन्हा लागला होता. आम्ही वसतिगृहाची सहा पोरे सायकलींवरून गेलो. मध्यंतरात चहा पिताना तीन विरुद्ध तीन असा वाद. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये जेवताना पुन्हा तोच. सिनेमा संपून शेवट कळलेला असूनही वाद मिटला नव्हता! एकाचे म्हणणे, शेवट फारच सोयीचा आहे, लेखकाने गाठ सोडवली नाही, कापली. दुसऱ्याचे म्हणणे, उलगडा कसाही असो, मधले दोन तास आपला जीव टांगणीला लागला ना, मग झाले तर. ज्यांनी मराठी आणि हिंदी दोन्ही पाहिले त्यांच्यातही दोन पक्ष आहेत. कुणाला साधनाचा रंगीत डौल आवडतो, कुणाला काळ्यापांढऱ्या पडद्यावर ती सावलीतली शंका अधिक खरी वाटते. मी दुसऱ्या पक्षातला.

मनाशी खेळणाऱ्या अशा रहस्यपटांचे सगळीकडे असेच होते. १९६० साली अमेरिकेत हिचकॉकचा 'सायको' आला. तो रॉबर्ट ब्लॉकच्या १९५९ सालच्या कादंबरीवरून काढलेला. हिचकॉकने नियम केला, की सिनेमा सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचे नाही, आणि पाहून आलेल्यांना विनंती, की शेवट कुणाला सांगू नका. लोकांच्या रांगा लागल्या, पण समीक्षकांत मतभेद. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या वर्तमानपत्राच्या समीक्षकाने आधी नाक मुरडले, आणि वर्ष संपताना त्याच माणसाने त्या वर्षातल्या उत्तम दहा सिनेमांत 'सायको'चे नाव घातले. मला त्या समीक्षकाचे कौतुक वाटते. आपले मत चुकले असेल तर ते बदलायला मोठे मन लागते. आपल्याकडे 'पाठलाग' आला त्याच १९६४ सालात हिंदीत 'कोहरा' आला, वहिदा रहमान आणि विश्वजीतचा. तोही 'रिबेका' या इंग्रजी कादंबरीवरून. त्यातही मेलेल्या बायकोची सावली जिवंतांच्या घरावर पडलेली. ही वर्षेच तशी होती म्हणायची.

आता शेतीकडे वळतो.

त्या दिवशी दुपारी बागेत काय झाले, ते ऐका. झाडाखाली फळांचा सडा पडलेला. मी विचारले, फळगळ कशाने? एक म्हणाला, पाणी जास्त झाले. दुसरा म्हणाला, खत कमी पडले. तिसरा म्हणाला, कीड आहे. चौथा म्हणाला, दुकानदाराने दिलेले औषध बोगस होते. चार माणसे आणि चार ठाम मते. पण एकानेही खाली वाकून पडलेले फळ हातात घेतले नव्हते!

मी दहा-बारा फळे उचलली आणि सगळ्यांसमोर मांडली. काहींच्या देठाजवळचा भाग तपकिरी-काळा पडलेला. ही बुरशीची गळ. काहींवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक छिद्र, दाबले की रस बाहेर येतो. हा रात्री येणाऱ्या रस शोषणाऱ्या पतंगाचा प्रताप. काही फळे बाहेरून अगदी निर्दोष. ही झाडाच्या आतल्या ताणामुळे आणि अन्नद्रव्यांच्या कमतरतेमुळे होणारी गळ. एकाच झाडाखाली तिन्ही प्रकार सापडले. म्हणजे तिघे थोडे थोडे बरोबर होते, आणि प्रत्येक जण बाकीच्यांना खोटे ठरवत होता.

उपाय प्रत्येकाचा वेगळा. बुरशीवर बुरशीनाशक चालेल, पतंगावर ते काय करणार? पतंगासाठी पडलेली फळे रोज गोळा करून खड्ड्यात पुरायची, सायंकाळी बागेत धूर करायचा, आणि बांधावरच्या गुळवेल, वासनवेल यांसारख्या वेली काढायच्या, कारण त्याच्या अळ्या त्या वेलींवर वाढतात. ताणाची गळ असेल तर आधी पाण्याचा निचरा आणि अन्नद्रव्यांचा समतोल पाहायचा. निदान चुकले तर औषधाचा पैसाही जातो आणि फळही जाते.

सांगायचा मुद्दा एवढाच, की मत बनवायच्या आधी फळ हातात घ्या. आणि हे मी तुम्हाला सांगतो तेव्हा माझ्या मनात एक जुनी टोचणी आहे. ती आज लिहून टाकतो.

वीस-बावीस वर्षांपूर्वी मी दुसऱ्या तालुक्यात कामाला होतो. एक बाई माझ्याकडे आली. अंगावर साधे लुगडे, कडेवर दोन-अडीच वर्षांचे पोर. नवरा सर्पदंशाने गेलेला. चार एकर कोरडवाहू जमीन. एका योजनेतून अवजारे आणि बियाणे मिळणार होते, त्यासाठी ती नाव लिहायला आली होती. मी सातबारा पाहिला. त्यावर तिचे नाव नाही. मी चौकशीला गावात गेलो. तिच्या दिराने वाड्यावर बसवले, चहा पाजला आणि गोड शब्दांत सांगितले, "साहेब, ती माझ्या भावाची बायको नाहीच. पाटाची आहे. कुठून आली, देव जाणे. लग्न झालेले कुणी पाहिले? फोटो आहे का एक तरी?"

फोटो नव्हता. लग्नाची नोंद नव्हती. दीर शिकलेला, बोलण्यात चतुर. बाई माझ्यासमोर नीट बोलूही शकली नाही, नुसती रडली. मी मनात निकाल लावून टाकला. कागदावर लिहिले, "वाद असल्याने प्रकरण बाजूला ठेवावे." तिला म्हणालो, "बाई, आधी आपसात मिटवा आणि मग या."

त्या एका ओळीने तिचे दोन हंगाम गेले. दुसऱ्या वर्षी तिने बैलजोडी विकली.

तिसऱ्या वर्षी त्याच गावात शिबिर होते. सगळे जण उठून जात असताना एक अगदी थकलेली म्हातारी काठी टेकत माझ्याजवळ आली. ती त्या बाईची सासू, दिराच्याच घरी राहणारी. ती म्हणाली, "साहेब, पाटाची हाय म्हणून का माणूस नाही ते? माह्या पोराची पयली बायको मेली, मंग म्याच पंचाईत बसवून हिचा पाट लावला. माह्या हातानं हिची ओटी भरली. मले कोणी इचारलंच नाही."

मले कोणी इचारलंच नाही. हे शब्द अजून कानात आहेत. मी त्या वाड्यावर चहा प्यायलो होतो, तेव्हा ती म्हातारी आत चुलीशी बसलेली असणार. दहा पावलांवर. मी दिराला विचारले, शेजाऱ्याला विचारले, कागदाला विचारले. ज्या माणसाला सगळ्यात जास्त ठाऊक होते, त्याला विचारलेच नाही. पडलेले फळ उचललेच नाही.

पुढे सासूचा जबाब, शिधापत्रिका आणि मोठ्या पोराच्या शाळेतला दाखला यांवरून तिचे नाव लागले. माझे त्यात श्रेय काही नाही. विकलेले बैल काही परत आले नाहीत.

म्हणून त्या रात्री समाजमंदिरात वाद चालला असताना मी गप्प होतो. पडद्यावरची ती बाई खरी की खोटी, हे मी आज सांगणार नाही. तुमच्यापैकी पुष्कळांनी सिनेमा पाहिला नसेल, तुमची गंमत का घालवू? आणि जगात खोटे दावे करणारे नसतात, असेही माझे म्हणणे नाही. नुकसानभरपाईच्या वेळी न पेरलेल्या शेताचे पंचनामे करून मागणारे बहाद्दर मी पाहिले आहेत. म्हणणे इतकेच, की "खोटी आहे" असे म्हणण्याआधी तिला पुरते बोलू द्यावे, आणि तिच्या बाजूचे कोण आहे, ते शोधावे.

सिनेमातल्या बाईला कोर्ट तरी मिळाले, आणि समोर विचारणारा वकील. आपल्या गावातल्या बाईला निम्म्या वेळा तेही मिळत नाही. मग तिची बाजू कागदाने घ्यावी, अशी तजवीज आधीच करून ठेवलेली बरी. चार गोष्टी आजच पाहून घ्या.

पहिली, लग्नाची नोंद. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने ती करायची आहे, आणि गावात ती ग्रामपंचायतीत होते. लग्न जुने असेल तरी विचारून घ्या. विधवेच्या पुनर्विवाहाला तर १८५६ सालीच कायद्याने मान्यता मिळाली आहे. पाटाची म्हणून कुणाला कमी लेखायचे कारण नाही.

दुसरी, घरातला खातेदार वारला तर वारसाची खबर तलाठ्याकडे तीन महिन्यांच्या आत द्यावी, असे जमीन महसूल कायदा सांगतो. मृत्यूचा दाखला जोडा आणि सर्व वारसांची नावे लिहा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे विधवा, मुलगे, मुली आणि मृताची आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस आहेत. अर्ज दिल्याची पोच घ्या, आणि फेरफाराची नोटीस निघाली की ती वाचा. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, पण भांडणाला जागा होते.

तिसरी, नवरा जिवंत असतानाच बायकोचे नाव सातबाऱ्यावर लावता येते. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन झाले. पुढे शरद जोशी यांनी 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम चालवली, आणि १९९२ साली सरकारनेही पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावण्याची वाट मोकळी केली. गावच्या तलाठ्याला याविषयी विचारा.

चौथी, शिधापत्रिका, मतदारयादी, बँकेचे खाते आणि लेकरांचे शाळेचे दाखले या सगळ्यांत तिचे नाव एकाच पद्धतीने लिहिलेले आहे ना, तेवढे ताडून घ्या. एका ठिकाणी माहेरचे नाव आणि दुसऱ्या ठिकाणी सासरचे, असे असले की भांडणात तेच पुढे येते.

आता त्या रात्रीचे राहिले. वीज आली. सिनेमा पुढे सरकला. शेवट झाला तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी "हॅट्" म्हणाले. ठामपणे बोललेले काकाजी उठताना म्हणाले, "पायलं, पण मले अजून पटलं नाही!" सासू-सून मात्र एका बॅटरीच्या उजेडात बरोबर घरी निघाल्या. दारात सासू सुनेला विचारत होती, "तुले पयलेच कसं वाटलं वो तसं?" आणि सून सांगत होती. सासू ऐकत होती.

मी मोटारसायकल काढली. वाटेत संत्र्याच्या बागांतून धुराचा वास येत होता. कुणीतरी दुपारचे सांगणे ऐकून बागेत धूर केला होता.

तुमच्या गावी हा सिनेमा दाखवलात, तर मध्यंतरात थांबवून एकदा सगळ्यांना विचारा, ती खरी की खोटी? कोण काय म्हणाले ते मला पत्राने कळवा. आणि फळगळीची फळे घेऊन शेतीशाळेला जरूर या. पण आधी वाकून उचला.

तुमचा,
कृषी अधिकारी